बिनपरवान्याची बाई

नाटे, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आरोहीस,
सगुणाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तोंडातून शब्द फुटला नसता, म्हणून पत्र. माहेरी यायला आईचे गुडघे हे निमित्त होतं. आपलं मेडिकल पंधरा दिवस बंद पाडणारी ती निनावी तक्रार मी केली होती.

मामंजींच्या हाताखाली सतरा वर्षं मी त्या काउंटरवर काढली. कुठल्या डॉक्टरचं अक्षर मला लागत नाही? ते गेले, आणि धाकटी सून म्हणून येऊन तुला दोन वर्षं होत नाहीत तोच फार्मासिस्ट म्हणून तुझं नाव लागलं. भिंतीवर तुझं सर्टिफिकेट, फोटोसकट! माझी बारावी आर्ट्सची. मला ते दारच बंद. तरी गिळलं. पण यमुनाबाईंसारख्या जुन्या गिऱ्हाइकासमोर तू माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी काढून घेतलीस, म्हणालीस की ताई, राहू द्या, मी बघते. त्याच दिवशी मी कागद घेतला. लिहिलं, की फार्मासिस्ट दुपारी जागेवर नसते आणि एक बिनपरवान्याची बाई औषधं देते. ती बाई मीच गो!

काय बोलायचं ते बोल मला.

सगुणा

मांडवी, रत्नागिरी, १४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सगुणाताईंस,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. निरीक्षकांनी कागद पुढे ठेवला, तेव्हाच तुमचं अक्षर ओळखलं. घरात बोलले नाही, कारण तक्रारीत खोटं काही नव्हतं. दुपारी मी वर जाऊन झोपायची आणि दुकान तुमच्यावर टाकायची.

दुसरं लिहायला जड जातंय. त्या दिवशी तुमच्या हातातली गोळी बरोबर होती. चिठ्ठी मी वाचली होती. पण यमुनाबाई मला ओलांडून तुमच्याकडे गेल्या, वर म्हणाल्या की ह्या नव्या पोरीपेक्षा सगुणा बरी. सर्टिफिकेट माझं आणि विश्वास तुमच्यावर! अंगाची नुसती आग झाली.

चोवीसला दुकान उघडतंय. यापुढे मी नसेन तेव्हा शटर खाली, असं विनीत आणि अनिलभावोजींना सांगितलंय. रागावून का होईना, या.

तुमची धाकटी जाऊ,
आरोही

नाटे, १९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आरोहीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा यमुनाबाईंचं बोलणं वाचून खूश झाले. मग लाज वाटली.

रविवारी येते. ह्यांना काय ते मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. औषध तूच द्यायचंस. तुझं सर्टिफिकेट बघून पोटात दुखायचं थांबलंय, असं मात्र लिहीत नाही.

राजापुरातून सायन्सची पुस्तकं मागवली आहेत. मुक्त विद्यालयातून पुन्हा बारावी, मग फार्मसी. वय त्रेचाळीस! फिजिक्स तू शिकवायचंस. नापास झाले तर खुशाल हस. पास झाले तर माझ्यावर जळायची तयारी ठेव. तोवर, आहे तेवढा लोभ राहू दे.

तुझी,
सगुणाताई