दुसऱ्याच्या दिव्याचं तेल

सोमवार, ७ ऑगस्ट

आज कीथिरा बेटावर उतरलो. बोटीतून गाडी बाहेर काढताना माझा गोंधळ झाला, तेव्हा खाली उभा असलेला खलाशी नंबरप्लेट बघून ओरडला, ए थेसलीवाल्या, गाडी आहे की ट्रॅक्टर, जरा हलव की! आसिमिना इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी बाहेर पडलो नव्हतो. आता लेक तिच्या घरी सुखात आहे, कापूस यायला वेळ आहे, आमच्या जिनिंगला कुलूप आहे. पंधरा तारखेला बेटाच्या पलीकडच्या टोकाला देवमातेचा सण आहे. तोवर रमतगमत जायचं, एवढंच ठरवलंय.

रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. खाली समुद्र, वर रानओव्याचा वास. वळणावळणावर खांबावरच्या देवळ्या आहेत, आमच्याकडे असतात तशाच. कुणी अपघातात गेलेलं असतं, घरचे लोक तिथे दिवा ठेवतात. खालच्या कप्प्यात तेलाची बाटली, वाती, काडेपेटी. दिवा शांत झालेला दिसला की जाणाऱ्याने उतरून लावायचा. मी उतरत होतो. आसिमिना गाडीतून म्हणाली, तू काय दिवाबत्ती खात्यात लागलास का रे?

मंगळवार, ८ ऑगस्ट

टेम्पोतून टोमॅटो विकणारा एक बडबड्या भेटला. म्हणाला, तुमच्या थेसलीचे टोमॅटो तुमच्या पुढाऱ्यांसारखे, नुसते पाण्याने फुगलेले. हे खाऊन बघा. पण वहिनी, तेल आहे ना जवळ? तेलाशिवाय खाल्लेत तर माझ्या टोमॅटोंचा अपमान होईल. आसिमिनाने माझ्याकडे पाहिलं. तेलाची बाटली घरी ओट्यावर राहिली होती आणि ती घ्यायचं काम माझं होतं.

दुपारी एका खारूबाच्या झाडाखाली थांबलो. तिने फडकं पसरलं, टोमॅटो चिरले, चीज ठेवलं, आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला सोसत नाही. पुढचं गाव डोंगराला वळसा घालून, आणि ऊन मी म्हणत होतं. पाय मोकळे करून येतो म्हणालो. वळणापलीकडे एक देवळी होती. आत मोटारसायकलवर बसलेल्या एका तरुणाचा फोटो, खाली नाव, फिलिमोन. मी बाटली घेतली. टोमॅटोवाल्याने दिली होती, विसरूनच गेलो, असं आसिमिनाला सांगितलं.

तिने पावाने ताट पुसून घेतलं. मी नुसता पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. सणाआधीचा उपास आहे, शनिवार-रविवार सोडून तेल वर्ज्य. ती उपास धरत नाही. म्हणते, माझ्या ताटात डोकवायला देवाला सवड नाही.

उद्या नवीन बाटली घेऊन तिथे ठेवायची.

बुधवार, ९ ऑगस्ट

बाटली घेतली. पण तोवर आम्ही बरेच पुढे आलो होतो, आणि मागे कशाला जायचं याचं कारण आसिमिनाला सांगावं लागलं असतं. उद्या जाईन.

तिचं अंग गरम आहे. ताप म्हणावा तर तिला बरं वाटतंय, गालांवर तेज आहे. खाणावळीत सॅलड संपल्यावर तिने वाडगं उचललं आणि तळाचं तेल पिऊन टाकलं. मालकाने मस्करी केली, वहिनी, गाडीत भरायला पिंप देऊ का? ती हसली नाही. अजून आहे का, असं विचारलं.

तिच्या उशीला जळक्या वातीचा वास येतोय.

गुरुवार, १० ऑगस्ट

ती दुपारची झोपली तेव्हा गाडी काढून देवळीपाशी गेलो. तिथे काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती. फिलिमोनची आई, द्रोसूला मावशी. ती एकामागून एक काडी ओढत होती, पण वात धरत नव्हती. मी आणलेलं तेल ओतलं, नवी वात घातली. तरीही नाही.

ती रागावलेली नव्हती, हेच वाईट. म्हणाली, लेकरा, कुणीतरी तेल नेलं. भुकेलेला असेल बिचारा, माझं काही म्हणणं नाही. पण पोरगा गेल्यापासून हा दिवा कधी थंड पडला नव्हता. ते तेल त्याचं होतं. ज्याच्या पोटात गेलं असेल त्याला आता जळावं लागेल. मी शाप देत नाही रे. तसं असतंच ते. नेणाऱ्याने तोंडाने कबूल केलं तर मी इथे पदर पसरून त्याला सोडवून घेईन. मग माझ्याकडे बघून विचारलं, तू नाहीस ना रे?

मी नाही म्हणालो. वर छातीवर क्रूसाची खूणही केली.

मावशी म्हणाली, मग बरं. कीव येते मला त्याची, जो असेल त्याची.

मी वाचलो, असं परतताना वाटलं. खरंच वाटलं. तेल मी खाल्लं नव्हतं. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की मी उपास कुणाच्या जिवावर धरला होता.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहे, ऊन लागलं म्हणाला, भरपूर पाणी पाजा. तिथेच पेला दिला. ती पहिला घोट प्यायली आणि तिच्या घशातून चर्र आवाज आला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. डॉक्टरने पेला काढून घेतला. आम्हाला दारापर्यंत पोहोचवायलाही आला नाही.

अंगणात भर उन्हात उभी होती. माझी सावली होती. तिची नव्हती.

एक ट्रक जवळून गेला. त्या झोतात ती हलली— चालली नाही, हलली, सगळी, केसांपासून पायांपर्यंत, आणि चेहरा निळा पडला, श्वास नाही. ट्रक गेला. मग हळूहळू परत उजळली. म्हणाली, खारिस, आत्ता मी कुठे गेले होते?

अजून सांगितलेलं नाही. प्रार्थना म्हणायला उभा राहतो आणि शब्द तोंडात येत नाहीत.

शनिवार, १२ ऑगस्ट

सांगितलं. जे इथेही लिहिलं नव्हतं तेही. बाटलीत तळाशी थोडंच होतं. दिवा पेटलेला होता. तो मी फुंकला आणि काचेतलं तेलही ओतून घेतलं.

ती म्हणाली, मला ठाऊक होतं रे. पहिल्याच घासाला काजळी लागली दाताखाली. पण तू इतका खुशीत धावत आलास, बक्षीस मिळाल्यासारखा. आणि स्वतः उपाशी बसून माझ्याकडे बघत होतास. म्हटलं, खावं.

मग म्हणाली, मला तिकडे ने.

मावशी होतीच. तिच्यासमोर गुडघे टेकले, कबूल केलं. ती रडली. म्हणाली, परवा का नाही बोललास रे मेल्या, परवा ती नुसती तापली होती, आता पेटली आहे. पेटलेली वात मागे कशी नेऊ मी? तरी डोईवरच्या काळ्या रुमालाचा पदर पसरला, बराच वेळ. काही झालं नाही. मग आसिमिनाच्या गालाजवळ हात शेकले, फिलिमोन, फिलिमोन म्हणाली— आणि घरी निघून गेली. हलकी होऊन, पोराचा दिवा पुन्हा लागल्यासारखी. मागे वळून न बघता.

आणलेली सगळी बाटली मी प्यायलो. माझ्या अंगात येऊ दे म्हणालो. नुसतं उलटून पडलं.

रविवार, १३ ऑगस्ट

आसिमिना देवळीच्या खांबाला टेकून बसली आहे. बोलत नाही. ओठांना तेल लावलं की उजळते. गुरुवारी देवळीत ठेवलेली बाटलीही संपत आली. गावात जायचं तर तिला एकटीला सोडून—

लोक गाडी थांबवतात, दुरून क्रूसाची खूण करतात, जातात. त्यांना काय दिसतं कोण जाणे.

दुपार

वारा सुटला. कोट आडवा धरलाय. निळी पडते, परत येते. दर वेळी थोडी कमी.

आसिमिना, मी आहे गं

हे लिहितोय कशाला? मन हलकं व्हावं म्हणून. अजूनही माझंच मन. लिहायला एक हात लागतो, आणि उरलेल्या एका हाताने ती पुरती झाकली जात नाही, दोन्ही हात—