फ्लेमिंगो काढून टाकले

चिरंजीव जोतीराम,

बारामतीहून आईचा आशीर्वाद. मी बरी हाय. काळी शेळी व्याली का? सूनबाईचा गुडघा कसा हाय?

फोनवर तू मधीच बोलतोस, म्हणून पत्र. लिहितीया तुझी स्वप्नालीच. मी सांगंल तेच लिही म्हणलंय, आन् नंतर वाचून दाखवायचं.

भिगवणचे दत्तोबा धरणातले फ्लेमिंगो दाखवायला लोकांना होडीतनं नेत्यात, त्यांच्या होडीसाठी ती वेबसाइट करत होती. हे काम हातचं गेलं तर पोरीला घरी आणून उजवीन, असं तू म्हणालास, ते माझ्या ध्यानात हाय.

तिनं पानावर फ्लेमिंगो उडवले. तिच्या कॉम्प्युटरवर झकास उडायचे. माझ्या जुन्या फोनवर मात्र पान पांढरंच. माझा चहा पिऊन झाला, तवा कुठं एक पाय दिसला. म्हणलं, "बाई, तुझे पक्षी भिगवणहून चालत येत्यात का गं?" रुसली. जेवली न्हाय.

सकाळी उठून तिनं पक्षी उडवणारी सगळी स्क्रिप्ट काढली. होडीचा फोटो आन् बुकिंगचं बटण, एवढंच ठेवलं.

काल दत्तोबांनी धरणाच्या काठावर पान उघडलं. तितं रेंज जेमतेम, तरी लगेच उघडलं. त्यांनी फोन करून विचारलं, "कबूल केलेले पक्षी कुठं हायेत?"

पोरगी म्हणाली, "तात्या, ते तुमच्या पाण्यात हायेत. फोनमधीच दिसले, तर होडीत कोण बसंल?"

दत्तोबांना पटलं. काम पक्कं झालं.

तवा रविवारी तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कळव, पोरगी कामात हाय, येऊ नका. अख्ख्या पत्रात एवढं एकच वाक्य तिनं न कुरकुरता लिहिलं.

तुझी आई म्हाळसा,
खाली अंगठा उठवलाय