माझ्या समक्ष घेतलेलं पाणी

४ मार्च, मंगळवार

घसा अजून सुकलेला आहे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीला प्लांट वाढवायला आमच्या बँकेचं कर्ज हवंय. त्याआधी आसपासच्या पाण्याला, माणसांना धोका आहे का, ते मी लिहून द्यायचं. म्हणून कंपनीमागच्या पाड्यावर गेले. नाल्याला लागूनच इंदुबाईंची विहीर. तासभर त्यांच्या ओट्यावर बसले, बाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही! मुलगा हिरामण त्याच कंपनीत कंत्राटावर, तरी एवढा तोरा.

कंपनीचे महेश म्हणाले, "मॅडम, ऊन बघा ना. गाडीत बसा, विहिरीचं सॅम्पल मी भरून आणतो." बसले. एसी होता.

६ मार्च

लॅबचा रिपोर्ट आला — पाणी स्वच्छ. फॉर्मवर एक ओळ असते, 'नमुना माझ्या समक्ष घेतला'. सही ठोकली. आमचे मॅनेजर धर्मेश सर खूश. बारा तारखेला बँकेची कमिटी पाड्यावर येणार, मग कर्ज मंजूर.

७ मार्च

बदलापूरला, घरी. जेवताना आईला इंदुबाईंचा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "दारात आलेल्याला पाणी न विचारणारं घर मी नाही पाहिलं. विहीर आटली असेल."

काठोकाठ भरलीय, म्हटलं. "मग ते पाणी त्या स्वतः तरी पितात का?" आईने विचारलं. माझा घास तोंडातच राहिला.

८ मार्च, शनिवार

एकटीच गेले. इंदुबाई ओशाळल्या, विहिरीकडे बघत म्हणाल्या, "बावीचा पानी तुला कसा देऊ गो? आमीच टँकरचा पितो. त्या दिशी टँकर नव्हता आला."

मी स्वतः विहिरीतून बाटली भरली. दिसायला नितळ, वास किंचित कडवट. मग महेशनी आणलं ते कुठलं पाणी? बाई म्हणाल्या, "तुझे सायब येतील, त्यांना मी सांगन." लाज वाटली मला. फार.

१० मार्च

ओळखीच्या लॅबने पाणी नापास केलं. रिपोर्ट धर्मेश सरांपुढे ठेवला. "आधीची सही कुणाची? 'समक्ष' लिहिलंयस ना? नोकरी तुझी जाईल, माझी नाही." मग थोडं नरमून — "ती बाई कमिटीपुढे स्वतः बोलली तर बघू."

सगळं आता इंदुबाईंवर.

११ मार्च

कंपनीने हिरामणला कायम केलं. महेशनीच फोन करून सांगितलं, मी न विचारता.

१२ मार्च

कमिटी ओट्यावर बसली. इंदुबाई ट्रे घेऊन आल्या. "बावीचा हाय. ग्वाड हाय." मान वर केली नाही. मागे हिरामण, नव्या युनिफॉर्ममध्ये. सगळ्या साहेबांना ग्लास दिले. माझ्यापाशी येऊन थांबल्या. मग माझा ग्लास अंगणात ओतून टाकला. "माशी पडली गो."

माशी नव्हती. धर्मेश सरांनी ओठांशी नेलेला ग्लास खाली ठेवला. मी फॉर्म बाहेर काढला आणि म्हटलं, "तो नमुना माझ्या समक्ष घेतलेला नाही."