उलटं चालणाऱ्याची बायको

प्रिय दिग्दर्शकसाहेब,

‘धाकट्या’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. परवा तुझ्या सिनेमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून इथल्या थिएटरात त्याचा खास खेळ होता. तू येणार नव्हतासच. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःच्या कौतुकाला यायला कुठली सवड! बाबांना घेऊन मीच गेले. दारातच एका दाढीवाल्या प्राध्यापकांनी बाबांचा हात धरला. ‘चेहऱ्यावरचा तो शून्यभाव तुम्ही कसा साधलात?’ बाबा म्हणाले, ‘साधला नाही हो, चेहराच असा आहे.’ त्यावर भोवतालचे सगळे खो खो हसले. अकलेचे कांदे! बाबा खरंच सांगत होते.

सिनेमा चांगला आहे, हे मी नाकारत नाही. तेवढी कोत्या मनाची मी नाही. उलटं चालणाऱ्यांचा क्लब जगात कुठेच नव्हता, पण तू तो असा दाखवलास की खरा माहितीपट समजून लोक सभासद व्हायला आपल्या घरी फोन करत. नट परवडत नव्हते म्हणून तू चष्म्याच्या दुकानात जन्म काढलेल्या बाबांना प्रशिक्षक केलंस, आणि त्यांनी ते काम असं केलं की नटांनी तोंड लपवावं. दिव्याच्या खांबावर आपटण्याआधी त्याची माफी कशी मागायची, हे ते शिकवतात तेव्हा मीसुद्धा पोट धरून हसले. आणि ती शर्यत! उलटं पळणाऱ्याला फक्त मागे पडलेलेच दिसतात. बाबा सगळ्यांत शेवटी, म्हणून त्यांच्यासमोर नुसता रिकामा रस्ता. सगळ्यांना कुठल्या कुठे टाकलं असं समजून ते दोन्ही हात वर करतात. तुझ्यानंतर असले सिनेमे काढणारे डझनभर उगवले. कॅमेरा हलवला की विनोद होतो, अशी त्यांची समजूत. त्या रिकाम्या रस्त्याची सर एकालाही नाही. तुलाही पुन्हा कधी जमलं नाही, ते सोड.

खेळाआधी तुझं भाषण पडद्यावर दाखवलं. मागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात मफलर. घरात बसून कसला रे मफलर? आणि तू लाज कोळून प्यायल्यासारखा सांगत होतास, की प्रशिक्षकाची बायको झालेल्या आईचा तो सोफ्यावरचा प्रसंग तू महिनाभर घासून लिहिलास, शब्द न् शब्द. प्राध्यापक वहीत टिपून घेत होते. उद्या त्याच्यावर कुणी प्रबंधही लिहील.

तो प्रसंग घेतलास त्या दुपारी दिवा धरून मी उभी होते, विसरलास? तुझ्या कागदावर एवढंच होतं, की बायको नवऱ्याची तक्रार करते. तू विचारलंस, ‘उलटं चालणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा होतो?’ आईला कॅमेऱ्याची सवय नव्हती, आणि खोटं बोलायची त्याहून नव्हती. सोफ्याच्या कडेवर बसून ती म्हणाली, ‘कसा होणार! लांब जातानाही ह्यांचं तोंड माझ्याकडेच असतं. त्यामुळे जवळ येतायत की लांब चाललेत, ते कळायलाच मला वीस वर्षं लागली.’

बाबा तेव्हा दुकानात होते. पुढेही स्वतःला पडद्यावर बघायची लाज वाटते म्हणून त्यांनी सिनेमा कधी पाहिला नाही. आईचं ते वाक्य त्यांनी परवा पहिल्यांदा ऐकलं, तेही ती गेल्यावर तीन वर्षांनी. सगळं थिएटर हसून लोळत होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या सवयीने मोठ्यांदा मला विचारलं, ‘हे माझ्याबद्दल आहे ना गं?’ पुढच्या रांगेला वाटलं म्हातारा अजून भूमिकेत आहे. लोक वळून टाळ्या वाजवायला लागले. एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी बाबांना म्हटलं, ‘सिनेमा आहे बाबा.’ त्यांनी मान हलवली, पण मग शर्यत आली तरी ते पडद्याकडे बघत नव्हते.

काल जेवताना त्यांनी विचारलं, ‘पुढे काय म्हणाली ती?’ सिनेमात तिच्या वाक्यानंतर एकदम खांबच येतो. मला तरी कुठे ठाऊक! दिवा स्टँडवर ठेवून बाहेर जा, अशी खूण तूच मला केली होतीस. कॅमेरा चालू होता. स्वयंपाकघरात मला तिचा आवाज बराच वेळ येत होता, शब्द कळत नव्हते. तू बाहेर आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. दिव्याच्या उजेडाने झाले असतील असं मला वाटलं होतं.

म्हणून हे पत्र. कापलेलं चित्रण तू टाकून देणाऱ्यांतला नाहीस. स्वतःची शिंकसुद्धा जपून ठेवशील. ते घेऊन स्वतः ये. पोस्टाने पाठवू नकोस, एकटीने ते लावायची माझी छाती नाही. संवाद तू लिहिलास असं जगाला खुशाल सांगत राहा, मी तोंड उघडणार नाही. आई पुढे जे म्हणाली ते गोड असो की कडू, बाबांना ऐकायचंय. तिने इतकी वर्षं विनवूनही त्यांनी कधी लावलं नव्हतं ते कानाचं मशीन आज सकाळी कपाटातून शोधून काढलं, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘हे कसं घालायचं, दाखव.’

तुझीच,
ताई