आम्हांस ‘सक्षम’ यादीतून काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. सुमप्रमुख साहेब,
खार-तोल्गोई सुम (तालुका) प्रशासन कार्यालय,
गोबी, मंगोलिया.

विषय : तिसऱ्या वस्तीच्या विहिरीस हिवाळ्यापूर्वी मोटर मिळणेबाबत व तत्पूर्वी आमची वस्ती ‘सक्षम’ यादीतून कमी करणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. मी, यादामीन नामजिलमा, वय ५७, धंदा मेंढपाळी, सविनय कळविते की, आमच्या विहिरीची मोटर फेब्रुवारीत जळाली. तेव्हापासून जनावरे एकोणीस किलोमीटरवरच्या झऱ्याला न्यावी लागतात. गेल्या हिवाळ्यात बर्फही पडले नाही, त्यामुळे त्यांना चाटायलासुद्धा काही नव्हते. यंदाही तसेच झाले तर कळप संपला आणि आम्हीही. मागणी एवढीच, एक मोटर.

२. ही मोटर मंजूर झाली होती, हे आपणांस स्मरत असेल. नसेल तर स्मरावे. परंतु मार्चमध्ये जागतिक विकासाचा सर्वांगीण अभ्यास करणारे परदेशी पथक आले. एक अर्थकारणाचा, एक समाजाचा, एक पाण्याचा, एक हवामानाचा, एक बायकांच्या प्रश्नांची, आणि सहावा या पाच शास्त्रांचे आपसांत पटते का ते बघणारा. पाण्याच्या तज्ज्ञाने विहिरीचे सात फोटो काढले. मोटर जळाली म्हटल्यावर दुभाषी सोलोंगो म्हणाली, “मावशी, ते म्हणतात तो यंत्राचा विषय, त्याचा माणूस आमच्यात नाही.” घ्या! सहा शास्त्रे विमानाने आली आणि पाना धरणारे तेवढे घरी राहिले.

३. जगाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग असून आपण दक्षिणेत मोडतो, असेही कळले. त्या दिवशी उणे एकोणतीस होते. मी विचारले, “बाई गं, मग उत्तरेत काय होत असेल?” ती म्हणाली, “मावशी, ही दिशा नाही, ऐपत आहे.” उत्तरवाले प्रश्न विचारतात आणि दक्षिणवाले उत्तरे देतात, असे काहीसे ते असावे.

४. आता मूळ घोटाळा. आपण इथलेच, तरी कागदावर असावे म्हणून लिहिते. दारात आलेल्याने “जनावरं धष्टपुष्ट ना? हिवाळा सुखात गेला ना?” विचारायचे, आणि घरधन्याने “धष्टपुष्ट, सुखात” म्हणायचे. मग चहा, मग मांस, आणि तिसऱ्या वाटीनंतर खरे रडगाणे. पथकाने आपल्या चालीरीतींचे पुस्तक वाचले होते. त्यांनी अदबीने विचारले, माझे यजमान गोम्बोजाव यांनी अदबीने सांगितले, आणि साहेब, त्यांनी ते लिहून घेतले! पहिल्याच वाटीला घड्याळ बघून उठले, कारण दिवसाला पाच घरे उरकायची होती.

५. त्याच सकाळी यजमानांनी अकरा मेलेल्या मेंढ्या घरामागे ओढून टाकल्या होत्या. मी म्हटले, “अहो, त्या अकराही धष्टपुष्ट का?” तर म्हणतात, “मग काय उंबऱ्यावरच्या पाहुण्याला मढी दाखवू? बसले असते तर सांगितलंच असतं की.” तेराही घरांत हेच घडले. अहवालात छापून आले की, शंभर टक्के कुटुंबांनी जनावरे धष्टपुष्ट असल्याचे सांगितले. वस्ती ‘सक्षम’ ठरली आणि मोटर दुसऱ्या सुमला गेली. मी मढी दाखवली होती, त्याची नोंद ‘एका महिलेची भावना’ अशी तळटीपेत आहे.

६. आपल्या कार्यालयातील लिपिक दोर्लिग म्हणाले, “आता बाई, तुम्हीच सांगितलंत. अहवाल फिरवायचा तर नवं पथक यायला हवं.” ते पुढच्या जूनमध्ये येणार आहे. मेंढ्यांना तसे कळविले आहे.

७. दरम्यान तेरापैकी आठ घरे राजधानीच्या कडेच्या वस्तीत गेली. त्यावर पथकाचे पुरवणी पत्र आले की, विहिरीवरील भार साठ टक्क्यांनी घटला असून ही समाधानाची बाब आहे. उरलेल्या पाच घरांनी पंधरा तारखेचा ट्रक ठरवला आहे. आम्ही गेलो की भार शंभर टक्के घटेल आणि आपला सत्कार व्हायला हरकत नाही.

८. तरी पंधराच्या आत मोटर द्यावी. ट्रक मी माघारी धाडीन. देणे होत नसेल तर सोबतच्या पाच स्थलांतर-दाखल्यांवर सही करावी. त्यांत ‘जाण्याचे कारण’ हा रकाना मी कोरा ठेवला आहे, तो आपण आपल्या हाताने भरावा.

९. मला इथून जायचे नाही, साहेब. मागच्या चारही अर्जांत मोटरचेच लिहीत बसले, हे लिहायचे राहून गेले.

आपली, पंधरा तारखेपर्यंत इथेच राहणारी,
यादामीन नामजिलमा
दि. २ ऑक्टोबर

सोबत : १) स्थलांतर-दाखले, पाच. २) अहवालाच्या मुखपृष्ठाची प्रत. त्यावरची हसणारी बाई मीच आहे. हसायला सांगितले होते.