ऑपरेशनला जाण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, व्यवसाय वकिली आणि त्याआधी बरीच वर्षे रुग्णालयात परिचारिका, अविवाहित, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. येत्या आठवड्यात त्याच्या झडपेचे ऑपरेशन आहे. म्हणून हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने करीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. अशिलांना मात्र करायला लावत आले.

१. राहते घर व कोर्टामागचे कार्यालय माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे आहे. ही दोन्ही, आतल्या सामानासह व पुस्तकांसह, माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीला द्यावीत. ती माझी ज्युनिअर आहे. हुशार आहे, पण उलटतपासणीत घाई करते. साक्षीदार गप्प बसला की त्याला गप्प बसू द्यावे, हे तिला अजून जमत नाही.

२. माझ्या भावाला काहीही मिळू नये. कारण लिहिते, म्हणजे मागाहून तर्क नकोत. वॉर्डात एक बाई दगावली. तिच्या नवऱ्याने मला जिन्यात गाठून विचारले, "सिस्टर, नक्की काय झालं हो? कुणीच सांगत नाही." चुकीच्या गटाचे रक्त चढवले होते. मी सांगितले. लगेच मला कामावरून काढले. भावाचे औषधांचे दुकान त्याच रुग्णालयासमोर होते. धंद्याला झळ नको म्हणून त्याने रुग्णालयाचीच बाजू उचलली आणि आईला सांगितले की हिला कामचुकारपणाबद्दल काढले. आई तोच समज घेऊन गेली. मी पुढे वकील झाले, डॉक्टरांवर खटले चालवले, जिंकलेही. पण तेवढी एक केस मला लढवता आली नाही. तरीही त्याने या घरी पाहुणा म्हणून यावे. लेकीच्या घरी बापाला कोण अडवणार?

३. बँकेतील सर्व रक्कम वेगळी ठेवावी. खरे सांगितल्याबद्दल ज्या परिचारिकेची नोकरी जाईल, तिच्या वकिलाची फी त्यातून द्यावी. तिचा स्वभाव कसा आहे याची चौकशी करू नये. माझाही काही फार गोड नव्हता.

४. आता ऑपरेशनविषयी. ते करणारे सर्जन माझ्या एका जुन्या खटल्यातले प्रतिवादी आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे व त्यावरून घरात रामायण झाले आहे.

तो खटला एका शिक्षिकेचा. गळ्याच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये तिच्या स्वरयंत्राची नस कापली गेली आणि आवाज गेला. रुग्णालयाचे म्हणणे, असा धोका असतोच. मी सर्जनना एवढेच विचारले, "तुम्ही शेवटपर्यंत टेबलापाशी होता का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही राहिले. मग म्हणाले, "नाही. दुसऱ्या ऑपरेशनसाठी मध्येच गेलो. शिकाऊ डॉक्टरवर सोडायला नको होतं."

त्यांच्या वकिलाने कपाळावर हात मारला. ते खटला हरले, मोठी नोकरी सुटली. नंतर ते शिक्षिकेच्या घरी गेले होते. तिनेच मला कुजबुजत सांगितले, "माफी मागितली त्यांनी. मी चहा दिला. माफ केलं असं काही म्हटलं नाही." मला ते दोघांचेही पटले. पुढे ते नव्याने शिकून हृदयाच्या ऑपरेशनांकडे वळले, आणि आजवर टेबल सोडून गेल्याचे ऐकिवात नाही.

भाची भडकली. "आत्या, सगळ्या शहरात दुसरा डॉक्टर नाही का गं? त्यांच्या हातात सुरी द्यायची? तुझ्यामुळे त्यांची नोकरी गेली!"

मी म्हटले, "चांगले हात पुष्कळांचे आहेत. पण भर कोर्टात, स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोललेला मी हा एकच पाहिला."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

त्याचे उत्तर तुला इथे लिहून देते. मलाही भीती वाटते. मी शुद्धीवर आले नाही, तर ते स्वतः बाहेर येऊन तुला सांगतील. त्यांना बसायला खुर्ची दे. पूर्ण ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. चूक झाली असे ते म्हणाले आणि कशी झाली ते सांगितले, तर खटला करायचा नाही, ही माझी इच्छा. रडून घे आणि मला घरी ने. पण ते आलेच नाहीत, किंवा दुसऱ्या कुणाला पाठवले, तर डोळे पूस आणि सगळे कागद माग.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: कोर्टातले टायपिस्ट (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही). बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही करताना माझ्या अक्षराला नावे ठेवली.

ठिकाण: माझ्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक: रुग्णालयात दाखल होण्याआधीचा रविवार