आ वासलेला मतदारसंघ

२ फेब्रुवारी, रात्री
ठरलं. निवडणूक लढवायची. अपक्ष.

या वेळी कायमराव पडणार. त्याचं खरं नाव वेगळं, पण दर निवडणुकीला तोच निवडून येतो म्हणून सगळं शहर पाठीमागे त्याला कायमराव म्हणतं. त्याच्या पक्षानं तिकीट दिलं की निकाल लागल्यातच जमा. आणि गंमत म्हणजे एक माणूस त्याच्याबद्दल बरं बोलत नाही. पाणी नाही, दिवे नाहीत, नुसत्या शिव्या.

माझं कारण एकच, आई. घरासमोरचा रस्ता ड्रेनेजसाठी खणला तो खणलेलाच राहिला. मध्ये लांबलचक चर आणि त्यावर एक हलती फळी. आई पूर्वी रोज संध्याकाळी समोरच्या मास्तरीणबाईंकडे गप्पा मारायला जायची. आता ती आमच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसते आणि मास्तरीणबाई त्यांच्या. दोघी एकमेकींना हात हलवतात. मला ते बघवत नाही. म्हणून मी सहसा वर जात नाही.

५ फेब्रुवारी
प्रचार क्लिनिकमध्येच सुरू केला. डेंटिस्ट असण्याचा हा फायदा. मतदार आपण होऊन येतो, खुर्चीत आडवा होतो आणि मी सोडल्याशिवाय उठत नाही. आज प्रत्येक पेशंटला विचारलं, कायमरावला पाडायचं ना? सगळ्यांनी माना हलवल्या. एकाचाही विरोध नाही. एका बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

बायको म्हणाली की तोंडात ड्रिल असताना माणूस कशालाही हो म्हणेल. तिला राजकारण कळत नाही.

९ फेब्रुवारी
कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार दाढ काढायला आला. भूल चढेपर्यंत कायमरावचा उद्धार चालू होता. चोर आहे, सकाळी तोंड बघू नये असला माणूस आहे, वगैरे. एवढा आवेश बघून म्हटलं, माझ्या उमेदवारी अर्जावर सही करता का? नेमकी तेव्हाच भूल चढली. बिचाऱ्याला बोलताच येईना. हातही जड झाले म्हणे.

पण दुकानदार आपला म्हणजे सगळी गल्ली आपली.

१४ फेब्रुवारी
चिन्ह मिळालं. टूथब्रश मागितला होता, कंगवा आला. मला टक्कल आहे. बायको ऐकून लगेच बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आईचा निरोप, जरा वर येऊन बस. सांगितलं, निवडणूक होऊ दे, मग निवांत बसू. तुझ्याच रस्त्यासाठी तर चाललंय सगळं.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
कायमराव स्वतः आमच्या घरी! क्लिनिकमध्ये नाही, सरळ वर, आईकडे. चांगला तासभर बसला. मी खाली रूट कॅनॉलमध्ये अडकलेला. जाताना दारातून हात जोडून म्हणाला, डॉक्टर, दगदग करू नका, तब्येत सांभाळा. टरकलाय.

बायको म्हणाली की त्यात नवीन काही नाही. आईनं रस्त्याची तक्रार केल्यापासून तो महिन्यातून एकदा येतोच, माफी मागतो, पुढच्या महिन्यात नक्की म्हणतो आणि चहा घेऊन जातो. हे मला कुणी सांगितलंच नाही! माझ्याच घरात लपवाछपवी. एवढं काय बोलतो ते आईला विचारायला हवं. वेळ मिळाला की विचारतो.

२३ फेब्रुवारी
आजपासून घरोघर जायचा संकल्प. तिसऱ्या घरून परत आलो. धूळ फार आहे, आणि शिवाय लोक मध्येच प्रश्न विचारतात. क्लिनिकमध्ये हा त्रास नसतो.

एका जुन्या पेशंटनं विचारलं की रात्री-बेरात्री पाइप फुटला तर फोन कुणाला करायचा, तुम्हाला? म्हटलं, जरूर. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी साडेपाच ते आठ, रविवारी बंद. तो म्हणाला, बघू. एक मत पक्कं.

१ मार्च, मतदान
सकाळपासून धावपळ. आईला केंद्रावर न्यायचं साफ विसरलो.

दुपारी बघतो तर कायमरावची माणसं आईला आमच्याच वेताच्या खुर्चीत बसवून चराच्या फळीवरून नेताहेत! तिकडून दुसऱ्या खुर्चीत मास्तरीणबाईंनाही खाली आणलं. पलीकडे खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोघी हातात हात घेऊन हसत बसल्या. आईला असं हसताना बघून किती दिवस झाले, आठवेना.

बाकी कायमरावची माणसं अगदीच बावळट. माझं हक्काचं मत खांद्यावरून वाहून नेलं.

३ मार्च, निकाल
कायमराव. पूर्वीपेक्षा जास्त मतांनी.

मला मत देणारे सगळे माझ्या वेटिंग रूममध्ये बसवता आले असते, आणि तरी खुर्च्या उरल्या असत्या. विश्वासघात! दुसरा शब्द नाही. माना हलवल्या, माझ्या नळाच्या पाण्यानं चुळा भरल्या आणि गळा कापला.

तसाच दुकानदाराकडे गेलो. तो मजेत साखर तोलत होता. म्हणाला, शिव्या दिल्या म्हणजे मत द्यायचं नाही असं थोडंच असतं, डॉक्टर? सगळे त्यालाच देणार, येणार तोच. मग मी एकट्यानंच त्याच्या डोळ्यांवर कशाला यायचं? मी ओरडलो की गल्लीत प्रत्येक जण हेच म्हणतोय. त्यावर म्हणाला, बघा, म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता.

३ मार्च, संध्याकाळ
शेवटी आईकडे गेलो. म्हटलं, जग उलटलं, पण निदान तू तरी. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली की मीही त्यालाच दिलं.

विचारलं, आणि रस्ता? म्हणाली, तू निवडून आला असतास तर रस्ता झाला असता, तू शब्दाचा पक्का आहेस. पण माझे गुडघे केव्हाच गेले. आता रस्ता आरशासारखा केलास तरी मला जिना उतरता येत नाही. तुला ते माहीत नसेल. रस्ता झाला की तो कशाला येईल माझ्याकडे? आला की खुर्ची ओढून बसतो, गुडघ्याचं विचारतो. खोटं बोलतो, कळतं मला. पण बसतो.

फार लागलं. खाली येऊन पेशंटच्या खुर्चीत नुसता पडून राहिलो. लहानपणी ती मला शाळेत सोडून परत फिरायची तेव्हा वाटायचं तसं वाटत होतं.

संकल्प: उद्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता आईपाशी बसायचं. अर्धा तास. आभाळ कोसळलं तरी.

४ मार्च
बायको म्हणाली की आईनं चारपासूनच दुसरी खुर्ची ओढून खिडकीशी ठेवली होती.

पाचच्या सुमारास फोन आला. कायमराव साहेबांचा. गाल सुजलाय, घरी येऊन बघता का. नाही म्हणणारच होतो. पण त्यांनी स्वतः फोन केला होता, पी.ए.कडून नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले. शिवाय पेशंट तो पेशंट, आणि रस्त्याचा विषय समोरासमोर काढता येईल. गाडीही पाठवली होती.

निघताना जिन्याखालूनच आईला हाक मारून सांगितलं की साहेबांकडे जाऊन येतो, उद्या बसू. ती वरून म्हणाली, त्याला विचार, आता कधी येतोय.

विचारायचं राहून गेलं.